भुताचा पत्ता: वाडा, बंगला, फ्लॅट

मराठी भूत मुळात घरात राहत नाही. मुंजाचा पत्ता पिंपळ, हडळीचा आड किंवा पाणवठा, चकव्याचा माळ, वेताळाचा गावाबाहेरचा शेंदूर लावलेला दगड. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांची १९०९ मध्ये हत्या झाली. त्यांनी जमवलेली लोकसमजुतींची टिपणे पुढे आर. ई. एन्थोव्हेन यांनी छापली. त्यातील कोकणच्या खंडात (१९१५) भुताखेतांची लांबलचक जंत्री आहे आणि तिच्यातली बहुतेक मंडळी उघड्यावरचीच आहेत. घराला उंबरा होता, आत देवघर होते, वास्तुशांतीत पुरलेला वास्तुपुरुष होता. भुताने बाहेर फिरावे आणि माणसाने दिवेलागणीला आत यावे, अशी ही वाटणी होती.

समंध मात्र या वाटणीत बसत नाही. निपुत्रिक मेलेला आणि इस्टेटीत जीव अडकलेला हा गृहस्थ आपल्या ठेव्यावर बसून राहतो. येणाऱ्याजाणाऱ्याला तो पछाडत नाही. जागेवर हक्क सांगायला कोणी आले, की मगच उठतो. झपाटलेल्या घराच्या आधुनिक कथेचा मूळपुरुष शोधायचा तर तो पिंपळावर सापडणार नाही, ठेव्यावर सापडेल. या कथेत ‘भूत आहे की नाही’ यापेक्षा ‘ही जागा कोणाची’ हा प्रश्न जास्त छळतो.

आधी वाडा आला. चौक, माजघर, कायम कुलूप असलेली एक खोली आणि भाऊबंदकी एवढे साहित्य जमले की वाड्याची भयकथा अर्धी उभी राहते. वाड्यातले भूत बहुधा नात्यातले असते: हिस्सा नाकारलेला चुलता, विहीर जवळ केलेली सून, दत्तकाच्या भांडणात गेलेले पोर. कमाल अमरोहींच्या ‘महल’ने (१९४९) जुन्या हवेलीची ओढ साऱ्या देशाला लावली. मराठी पडद्यावर ‘पछाडलेला’ (२००४) वाड्यातल्या भुतांना विनोदात घेऊन गेला आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेने कोकणातले नाईकांचे घर रोज रात्री घराघरांत आणले. यांतले एकही घर उपनगरात नाही. या घरांतल्या माणसांना आपला पणजोबा कोण हे ठाऊक असते, भुतालाही ते ठाऊक असते, आणि भांडण तिथेच असते.

कॉलनीत पणजोबा नसतो. तिथले भूत परके असते, आणि खरे पाहता घरमालकही परकाच असतो. या प्रकाराची उघड सुरुवात अमेरिकेत झाली. शर्ली जॅक्सन यांच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’मधले (१९५९) घर अजून वस्तीपासून दूर, टेकड्यांत होते. जे ॲन्सन यांच्या ‘द ॲमिटीव्हिल हॉरर’ने (१९७७) ते न्यूयॉर्कजवळच्या एका नीटनेटक्या गल्लीत आणले. १९७४ मध्ये तिथे एका कुटुंबातील सहा जणांचे खून झाले होते. पुढच्या वर्षी लट्झ कुटुंबाने ते घर ८०,००० डॉलरला घेतले आणि २८ दिवसांत सोडले. त्यांनी सांगितलेल्या चमत्कारांविषयीचा वाद कधीच मिटला नाही. किंमत मात्र खरी होती आणि वाचकाच्या मनात तीच रुतून बसली: एवढे स्वस्त का? ॲन रिव्हर्स सिडन्स यांच्या ‘द हाउस नेक्स्ट डोअर’मध्ये (१९७८) तर घर कोरे करकरीत आहे. त्याला इतिहास नाही, तरी ते राहणाऱ्यांना एकेक करून संपवते. ‘पोल्टरगाईस्ट’ (१९८२) या चित्रपटातल्या बिल्डरने दफनभूमी हलवताना फक्त वरचे दगड हलवलेले असतात, प्रेते तिथेच ठेवून त्यावर घरे बांधलेली असतात. समंधाची गोष्ट ज्याने ऐकली आहे, त्याला हे सगळे ओळखीचे वाटेल.

मराठीत भयकथा वाढली ती दिवाळी अंकांच्या आणि सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांच्या जिवावर. ‘नवल’, ‘धनंजय’, ‘चंद्रकांत’ या अंकांनी तिला पाने दिली आणि प्रतिष्ठित समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवली. या उपेक्षेत नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभरावर पुस्तके लिहिली. त्यांच्या पुस्तकांची नावे नुसती शेजारी ठेवली तरी घराचा प्रवास दिसतो: ‘आनंदमहल’, ‘चंद्रविलास’, ‘४४० चंदनवाडी’. महाल, मग बंगल्याच्या फाटकावरचे नाव, आणि शेवटी निव्वळ टपालाचा पत्ता. धारप पुण्याचे. त्यांचा वाचक वाड्यातून ब्लॉकमध्ये चालला होता. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराने नदीकाठचे कित्येक वाडे नेले आणि शहर टेकड्यांच्या पायथ्यांकडे सरकले. पूर्वी गावाबाहेर मानली गेलेली जागा आता राहण्याची झाली. म्हणजे भूत उंबरा ओलांडून आत आले असे म्हणण्यापेक्षा, घरच भुताच्या मुलखात जाऊन बसले.

धारपांनी स्टीफन किंग यांच्याकडून पुष्कळ घेतले. ‘शपथ’मागे ‘इट’ आहे, ‘लुचाई’मागे ‘सेलम्स लॉट’, ‘आजी’ या कथेमागे ‘ग्रॅमा’. त्यावरून त्यांना उसनवारीचे लेखक म्हणणारे आहेत. पण ही घरे मराठी होताना त्यांत बदल झाला, हे त्या टीकेत निसटते. अमेरिकन कुटुंब एकटे असते. धारपांच्या संकटग्रस्तांना मदतीला कोणीतरी येते, अनेकदा ‘समर्थ’ हे त्यांचे नेहमीचे पात्र. अरिष्टाशी लढायला एक वडीलधारे, नेमधर्म पाळणारे माणूस हवे, हा विश्वास वाड्यातून निघालेल्या मध्यमवर्गाने नव्या घरात सोबत नेला होता. ‘आजी’चा धागा पुढे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) विणला गेला. तिथे मात्र घर पुन्हा वाड्याचे झाले आणि कथा पुन्हा ठेव्यावर येऊन बसली.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी समर्थाला रजा दिली. त्यांना ‘भयकथा’ हा शब्दच पुरेसा वाटत नसे, ते ‘गूढकथा’ म्हणत. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘निजधाम’, ‘फाशी बखळ’ या संग्रहांनी आणि पुढे ‘गहिरे पाणी’ मालिकेने मुंबईच्या फ्लॅटमधल्या नोकरदार माणसाला भीतीच्या मध्यभागी आणले. स्वतः मतकरींनी बँक ऑफ इंडियात वीसेक वर्षे नोकरी केली होती. पगार, बदली, कर्ज, शेजाऱ्याचा रेडिओ यांतून हळूच वाकडी होत जाणारी गोष्ट त्यांना साधली ती या ओळखीमुळे. त्यांच्याकडे अनिष्ट बहुधा माणसाच्या मनात असते आणि खोली ते फक्त झाकून ठेवते. फ्लॅटला हे शोभतेही. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने फ्लॅटच्या मालकीला चौकट मिळाली. तेव्हापासून लाखो कुटुंबे जमिनीला न टेकणाऱ्या घरांची मालक झाली. पायाखाली दुसऱ्याचे छत असेल तर ठेवा पुरायचा कुठे?

सिनेमाने त्यालाही वाट काढली. राम गोपाल वर्मा यांच्या ‘भूत’मध्ये (२००३) उर्मिला मातोंडकरने मुंबईतल्या उंच इमारतीतली भाडेकरीण उभी केली. घर जमिनीपासून कितीही वर असले तरी आधीचा भाडेकरू चुकत नाही. ‘वास्तुशास्त्र’ (२००४) पुण्याबाहेरच्या घरात जातो आणि तिथे भुते पुन्हा झाडालाच बिलगलेली असतात. पिंपळाचा हा सूड म्हणावा. विक्रम कुमार यांच्या ‘१३ बी’ने (२००९) तर कोडे सरळ सोडवले. फ्लॅट नवा, कुटुंब नवे, पण इमारत उभी राहिली ती एका खून झालेल्या कुटुंबाच्या घराच्या जागेवर. मजला कितवाही असो, सातबारा तळाशीच असतो.

हे सगळे मुंबई-पुण्याचे झाले. बेळगावच्या कॅम्पात या कथेला लागणारा माल आधीपासूनच पडून आहे. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पूर्वेला किल्ला, पश्चिमेला छावणी आणि मध्ये गाव, अशी रचना त्यानंतर झाली. कॅम्पातला जुना बंगला जवळून पाहिला की भयकथेचा नेपथ्यकार कशाला हवा असे वाटते. उंच जोते, मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, खांबांचा पोर्च, मागे निराळे स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्यांची रांग. चार महिन्यांच्या पावसाने कंपाउंडच्या भिंतीवर धरलेले शेवाळ पुढे उन्हात वाळून काळे पडते. फाटकाच्या खांबावर नावाऐवजी नंबर. आत वस्ती आहे की नाही हे दिव्यावरूनही कळत नाही, कारण दिवा असतो तो मागच्या एकाच खोलीत.

ही अवकळा भुतामुळे नाही. छावणीतल्या ‘ओल्ड ग्रँट’ बंगल्यांत जमीन सरकारची आणि इमारत रहिवाशाची असते. सरकार जागा परत मागू शकते आणि दुरुस्ती-वाढीला परवानगी लागते. त्यामुळे वारसदार कौले शाकारण्यापलीकडे फारसा खर्च करत नाहीत. एका घराचे दोन मालक, एक दिसणारा आणि एक न दिसणारा, आणि न दिसणारा कधीही दारात येऊ शकतो. झपाटलेल्या घराची याहून अचूक व्याख्या साहित्यशास्त्रातही मिळणार नाही. २०२३ पासून छावण्यांतली नागरी वस्ती शेजारच्या पालिकांत मिसळण्याची प्रक्रिया देशभर सुरू आहे. ती पूर्ण झाली की या बंगल्यांच्या गोष्टीही बदलतील.

छावणीच्या गावांत गोऱ्या साहेबाच्या आणि मडमेच्या भुताच्या गप्पा ठरलेल्या. त्यांवरचा उतारा रडयार्ड किपलिंग यांनी १८८८ मध्येच लिहून ठेवला. त्यांच्या एका कथेत डाकबंगल्यात रात्रभर शेजारच्या खोलीतून बिलियर्डचे चेंडू आपटल्याचा आवाज येतो. त्या खोलीत कधीकाळी खरेच बिलियर्ड टेबल होते, हे सकाळी कळते आणि अंगावर काटा येतो. मग दिवसाउजेडी तोच आवाज पुन्हा येतो. पाहावे तर छताच्या कापडामागे पळणारा उंदीर आणि सैल झालेली खिडकी. हिरमोड झालेला निवेदक म्हणतो ते थोडक्यात असे, की मी चौकशी केली नसती तर किती छान झाले असते.

कॅम्पाबाहेरची उपनगरे वेगळी आहेत. टिळकवाडीला पहिले, दुसरे, तिसरे अशा रेल्वे गेटांच्या खुणेने पत्ता सांगतात. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालचे काँग्रेस अधिवेशन इथेच भरले. त्यासाठी खोदलेली विहीर ‘काँग्रेस विहीर’ म्हणून आजही जपलेली आहे. इतक्या विहिरींतून एकीलाच हे भाग्य लाभले. हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ या भागांत बैठ्या घरांच्या परसातले आड अपार्टमेंट उठताना बुजले. आडाला नारळ दिला, गाळ-मुरूम भरला, वर फरशी घातली आणि तिच्यावर आता स्कूटर लागतात. हडळीचा पत्ता पार्किंगमध्ये गेला.

त्याहून खोल गोष्ट कागदांची आहे. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. त्याला लागूनचे शहापूर तर सांगली संस्थानाचे. त्यामुळे एकाच जुन्या घराच्या ट्रंकेत पणजोबांचा मोडीतला दस्त, आजोबांची बाळबोध खतपत्रे आणि अलीकडचा कन्नडमधला उतारा अशी चवड सापडते. मोडी वाचणारे राहिले नाहीत. कन्नड उतारा वाचायला शेजारचा मुलगा बोलवावा लागतो. घर कोणाचे, हे ज्या कागदावर लिहिले आहे तो घरातल्या कोणालाच पुरता वाचता येत नाही. ‘पूर्वी इथे कोण होते’ हा भयकथेचा ठरीव प्रश्न इथे साध्या वाटणीच्या वेळीही उठतो.

तरी या पट्ट्यातल्या मोठ्या लेखकांनी झपाटलेले घर फारसे लिहिले नाही. बेळगावकडच्या जी. ए. कुलकर्णींच्या कथांत अंधार मुबलक आहे, पण तो नियतीचा. त्यांच्या घरांना भुताची गरज पडत नाही. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टींत याच मुलखातली घरे आणि गल्ल्या आहेत, पण ती मायेने भरलेली. निपाणीचे महादेव मोरे तंबाखूच्या वखारींतल्या कष्टकऱ्यांबद्दल लिहीत राहिले. तिथली भीती रोजीरोटीची. अलीकडे हृषीकेश गुप्ते यांनी ‘अंधारवारी’, ‘दंशकाल’, ‘हाकामारी’मधून भयाला पुन्हा साहित्यिक वजन दिले, पण त्यांचा मुलूख बहुतांशी कोकणकडचा. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर बांधलेले, खाली मालक आणि वर भाडेकरू असे बेळगावी घर अजून लेखकाची वाट पाहत आहे.

त्या लेखकाला कथानकाची मोठी अडचण इथे आयतीच सुटलेली मिळेल. झपाटलेल्या घराच्या प्रत्येक कथेला एक प्रश्न विचारला जातो: ही माणसे घर सोडून जात का नाहीत? ॲमिटीव्हिलचे कुटुंब गेले, म्हणून पुस्तक २८ दिवसांत संपले. फ्लॅटवाल्याला गृहकर्जाचा हप्ता धरून ठेवतो. कर्नाटकात याला आणखी एक तऱ्हा आहे, ती लीजची. महिन्याचे भाडे नाही. मालकाला एकरकमी काही लाख द्यायचे, मुदतभर राहायचे आणि जाताना ती रक्कम परत घ्यायची. मालकाने बहुधा ती मुलीच्या लग्नात किंवा वरच्या मजल्याच्या स्लॅबमध्ये घातलेली असते. पुढचा लीजवाला मिळेपर्यंत पैसे सुटत नाहीत. रात्री जिन्यात पावले वाजोत, नाहीतर न्हाणीघरातला नळ आपोआप सुटो, घर बघायला कोणी आले की भाडेकरणीला सकाळीच भिंतीवरची ओल पुसून, उदबत्ती लावून, हसून सांगावे लागते: पाणी चोवीस तास आहे, वारा छान येतो, आणि शेजारपाजार एकदम शांत.