चिकलठाण्याचा १९९३ चा अपघात सांगतो : विमानाची सुरक्षा फक्त विमानात नसते

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले आणि विमानातले व जमिनीवरचे मिळून २६० जण गेले. तेव्हापासून उमराहचे तिकीट हातात आले की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : "विमान कोणत्या कंपनीचं आहे? ते सुरक्षित आहे ना?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर फक्त विमानाच्या नावात शोधले तर ते अर्धवट राहते. हे समजून घ्यायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्याच चिकलठाण्याचे उदाहरण समोर आहे.

त्या दिवशी काय झाले?

२६ एप्रिल १९९३, सोमवार. इंडियन एअरलाइन्सचे दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेले ४९१ क्रमांकाचे विमान दुपारी एकच्या सुमारास चिकलठाण्याहून मुंबईकडे निघाले. विमान बोईंग ७३७-२०० जातीचे होते. आत ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी असे ११८ जण होते.

विमानाने जमीन सोडली ती धावपट्टी जवळजवळ संपल्यावर. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीड रस्ता जात होता. नेमका त्याच वेळी कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला ट्रक तिथून चालला होता. विमानाची डावीकडची मुख्य चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर ट्रकला धडकला. जखमी विमान तसेच पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकले, जमिनीवर आदळले आणि पेटले. ५५ जण दगावले, ६३ वाचले. मृतांमध्ये व्हिडिओकॉन समूहाचे नंदलाल धूत हेही होते.

चौकशीत दोष कुणाचा निघाला?

इंजिन बंद पडले नव्हते, घातपातही नव्हता. चौकशीने दोन कारणे दिली. पहिले, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरे, उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याची व्यवस्था त्या वेळच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती.

इथे थोडे गणित बघू. उड्डाणाच्या वेळी असे विमान ताशी साधारण २५० किलोमीटर वेगाने धावत असते, म्हणजे सेकंदाला जवळपास ७० मीटर. नाक उचलायला तीन सेकंद उशीर झाला, तर दोनशे मीटरहून जास्त धावपट्टी हातची गेली. त्यात एप्रिलची दुपार. उन्हाने हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा आधीच थोडी पातळ. विमान भरलेले. अशा वेळी लांब धावपट्टी लागते आणि तेव्हाची धावपट्टी आजच्यापेक्षा बरीच आखूड होती.

म्हणजे बघा, एकटी चूक क्वचितच विमान पाडते. उशीर झाला तरी रस्ता मोकळा असता तर विमान कदाचित निघून गेले असते. ट्रक असता पण नाक वेळेवर उचलले असते, तरी विमान वरून गेले असते. दोन्ही एकत्र आले आणि घात झाला.

मग बोईंग ७३७ चे काय?

७३७ पहिल्यांदा उडाले १९६७ साली. तेव्हापासून त्याच्या चार पिढ्या झाल्या आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. चिकलठाण्यात पडलेले विमान जुन्या पिढीतले होते. त्या पिढीत दहा लाख उड्डाणांमागे जीवघेण्या अपघातांचे प्रमाण साधारण एकच्या जवळ होते. ७३७-८०० ज्या पिढीतले आहे, तिच्यात ते साधारण दहाव्या हिश्श्यावर आले. २२ मे २०१० ला मंगळूरला १५८ जण गेले आणि ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला २१ जण गेले, ती दोन्ही विमाने ७३७-८०० होती आणि दोन्ही दुबईहून आली होती. पण दोन्ही ठिकाणी विमान उतरताना धावपट्टी ओलांडून पठाराच्या कडेवरून खाली गेले. यंत्र बिघडल्याने ते अपघात झाले नव्हते.

७३७ मॅक्सची गोष्ट मात्र वेगळी. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात १८९ आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात १५७ जण गेले. तिथे एका सेन्सरच्या चुकीच्या माहितीवर नाक खाली दाबणारी संगणक यंत्रणाच घातक ठरली. जगभर ही विमाने जमिनीवर ठेवली गेली. भारतात यंत्रणेत बदल झाल्यानंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांना पुन्हा उडायला परवानगी मिळाली. म्हणून "बोईंग वाईट" किंवा "बोईंग चांगलं" एवढ्याने काम भागत नाही. कोणती पिढी, कोण चालवतो, कुठे उतरतो, हे तिन्ही विचारावे लागते.

आपल्या हातात काय आहे?

आज चिकलठाण्याची धावपट्टी सुमारे २८०० मीटर आहे. ती आणखी वाढवण्यासाठी जमीन घेण्याचा विषय वर्षानुवर्षे चालू आहे. ज्यांची घरे-जमिनी जातात त्यांना पूर्ण आणि वेळेवर मोबदला मिळालाच पाहिजे. पण धावपट्टीच्या टोकाला मोकळी जागा का हवी, हे १९९३ ने आपल्याला ५५ जीव घेऊन शिकवले आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत टोकापुढे किमान ९० मीटर सुरक्षित पट्टा बंधनकारक आहे, शिफारस २४० मीटरची आहे.

दुसरी गोष्ट थेट आपल्या मोहल्ल्याची. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावर कापणे, मटणाच्या दुकानाचा कचरा किंवा हाडे टाकणे याला विमान नियमांनी मनाई आहे, कारण त्यावर घारी जमतात. इंजिनात घार गेली तर काय होईल, हे सांगायला नको. बकरी ईदला कुर्बानीचा कचरा पिशवीत बंद करून महापालिकेच्या गाडीतच द्यावा. परवानगीशिवाय उंच मजले चढवू नयेत.

आणि विमानात बसल्यावर : पट्टा शेवटपर्यंत बांधलेला ठेवा, आपल्या सीटपासून पुढचा आणि मागचा दरवाजा किती ओळींवर आहे ते मोजून ठेवा. उतरायची घाई आली तर बॅगेला हात लावू नका, मागच्याचा जीव त्या दोन सेकंदांत अडकतो. घरच्या बुजुर्गांना हे निघण्याआधी त्यांच्या भाषेत समजावून सांगा. सफरची दुआ तर आपण पढतोच, तिच्यासोबत एवढी तयारीही असू द्या.