'मुंबई स्पेशल' म्हणजे काय? जुनं घड्याळ ऑनलाइन घेण्याआधी हे वाचा

इन्स्टाग्रामवर जुन्या घड्याळांचे दोन-चार रील्स बघितले की फीडमध्ये जाहिराती सुरू होतात. १९७०च्या दशकातलं सिको ५, ऑटोमॅटिक, सर्व्हिस केलेलं, 'एकदम ओरिजिनल'. भडक नारिंगी किंवा मोरपंखी डायल, चकचकीत पट्टा आणि किंमत दोन-अडीच हजार.

हाच फोटो एखाद्या मुरलेल्या घड्याळप्रेमीला दाखवला, मग तो पुण्यातला असो की लंडनमधला, तर बहुतेक वेळा दोनच शब्दांत उत्तर येतं: 'मुंबई स्पेशल'.

आणि हे कौतुक नसतं.

'मुंबई स्पेशल' म्हणजे नेमकं काय?

जुन्या घड्याळाची डायल नव्याने रंगवायची, त्यावर कंपनीचं नाव पुन्हा छापायचं, काटे, काच, चावी जी मिळेल ती बसवायची, केस पॉलिश करायची आणि ते घड्याळ 'व्हिंटेज' म्हणून विकायचं. अशा घड्याळांना जगभरातल्या संग्राहकांनी दिलेलं हे नाव आहे. अनेक घड्याळांचे भाग जोडून केलेल्या घड्याळाला 'फ्रँकनवॉच' असंही म्हणतात. मेरी शेलीच्या 'फ्रँकनस्टाइन' या कादंबरीवरून हा शब्द आला.

ही घड्याळं पूर्णपणे नकली नसतात. आतलं मशीन अनेकदा खरंच सिको, सिटिझन किंवा एचएमटीचं असतं आणि घड्याळ चालतंही. प्रश्न असतो तो बाहेर जे दिसतं त्याचा.

मग नाव मुंबईचं का?

घड्याळांच्या धंद्याशी मुंबईचं नातं जुनं आहे. फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५मध्येच भारतात आली होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले आणि परदेशी घड्याळं चोरट्या मार्गाने मुंबईच्या किनाऱ्यावर उतरू लागली. १९६१मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बेंगळुरूमध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली. तरीही मनगटावरचं घड्याळ ही जपून वापरायची वस्तूच राहिली. लग्नात मिळालेलं, पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ बिघडलं म्हणून कुणी टाकून देत नसे. ते घड्याळजीकडे जायचं.

परदेशी कंपनीचे सुटे भाग सहज मिळत नसत. मग घड्याळजी एका बंद घड्याळाचं चाक दुसऱ्यात बसवायचे. घामाने आणि दमट हवेने डायल खराब झाली, तर ती पुन्हा रंगवून घेतली जायची. यात फसवणूक नव्हती, कारण घड्याळ मालकाचं होतं आणि काय बदललंय हे त्याला माहीत होतं.

चित्र बदललं ते ऑनलाइन विक्रीमुळे. हीच घड्याळं आता परदेशातल्या अनोळखी ग्राहकाला 'ओरिजिनल' सांगून विकता येऊ लागली. कौशल्य तेच राहिलं, फक्त काय बदललंय ते सांगणं बंद झालं.

पण जुनं घड्याळ हवंच कशाला?

वेळ तर मोबाइलवरही दिसते. शिवाय साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यामुळे पाचशे रुपयांचं सेलवरचं घड्याळही चावीच्या महागड्या घड्याळापेक्षा अचूक असतं. चावीचं घड्याळ दिवसाला काही सेकंद पुढे-मागे होणारच.

म्हणजे जुनं घड्याळ घेणारा वेळेसाठी पैसे मोजत नाही. तो त्या वस्तूच्या वयासाठी आणि खरेपणासाठी पैसे मोजतो. सरकारने जानेवारी २०१६मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, त्यानंतर 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर' या मॉडेल्सची मागणी वाढली ती याच भावनेतून. डायल गेल्या महिन्यात छापलेली असेल, तर ज्यासाठी पैसे दिले तेच हातात येत नाही.

ओळखायचं कसं?

१. नको इतकी कोरी डायल: पन्नास वर्षांच्या घड्याळाची केस घासलेली आणि डायल मात्र डागही नसलेली असेल, तर शंका घ्या. कंपनीने कधी न काढलेले भडक रंग, खेळांचे किंवा सैन्यदलांचे लोगो हीसुद्धा नेहमीची खूण.

२. छपाई: फोटो झूम करा. अक्षरांच्या कडा पसरलेल्या, लोगो तिरका, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी न जुळणाऱ्या दिसल्या, तर डायल पुन्हा छापलेली आहे.

३. नंबर: सिकोच्या मागच्या झाकणावर मॉडेल नंबर असतो. त्याचे पहिले चार अंक मशीनचा प्रकार सांगतात. डायलच्या तळाशीही बारीक अक्षरांत कोड असतो. झाकणावर ७००९ आणि डायलवर ६३०९ असेल, तर दोन घड्याळांचं एक झालंय. तसंच ७००९ए हे मशीन १७ ज्वेल्सचं आहे. डायलवर २१ लिहिलं असेल, तर ती डायल त्या मशीनची नाही.

४. काटे: सेकंद काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचत नसेल किंवा तिन्ही काट्यांचा रंग वेगळा असेल, तर काटे बदललेले असू शकतात.

५. मशीनचा फोटो: झाकण उघडून काढलेला फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तुम्ही व्यवहार टाळा.

आणि झाकणावर 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय म्हणून असं घड्याळ घालून पोहायला जाऊ नका. आतली रबरी सील कधीच गेलेली असू शकते.

घेतलं आणि फसलो, तर?

जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट आणि पावती जपून ठेवा. दुरुस्त केलेली किंवा वापरलेली वस्तू नवी म्हणून खपवणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वस्तूच्या दर्जाबद्दल खोटी माहिती देणंही त्यातच मोडतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

मग 'मुंबई स्पेशल' घेऊच नये का?

तसं नाही. रंग आवडला, रोज वापरायला घड्याळ हवंय आणि डायल नवी आहे हे विक्रेत्याने आधीच सांगितलंय, तर त्यात गैर काहीच नाही. फक्त किंमत तशी द्या आणि पुढे विकताना तुम्हीही तेच सांगा.

कारण 'ओरिजिनल'च्या खोट्या शिक्क्याचा फटका फक्त ग्राहकाला बसत नाही. मुंबईतून येणाऱ्या प्रत्येक जुन्या घड्याळाकडे संशयाने बघितलं जातं आणि काय बदललं ते प्रामाणिकपणे सांगणारा घड्याळजीही त्यात भरडला जातो.