माळावरचा संसार

मुंबईतली मास्तरकी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला आले आणि थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान चालवू लागले. पुढे लोखंडी नांगर बनवला, तर शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते! पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. त्यात कारखान्याची जागाही सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, निवडुंगाचा आणि सापांचा. १९१० साली कामगार तिथे बायकामुलांसह राहायला आले. विचार करा, मालकावर केवढा भरवसा असेल! त्या माळावर चूल मांडणाऱ्या राधाबाईंचं नाव मात्र आपण फारसं घेत नाही, हे मला खटकतं.

वाडीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्यांना चक्क रखवालदार नेमलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअर होऊन याच कारखान्यात परतला. १९५६ साली लक्ष्मणराव गेले. त्या स्टेशनाचं नाव आज किर्लोस्करवाडी आहे.