पूर्वेचं पाणी, पश्चिमेचा उजेड

कोयनेचं धरण पाहायला आलेला माणूस भिंतीसमोर उभा राहतो आणि विचारतो, वीज कुठे तयार होते? भिंतीच्या पायथ्याशी थोडी होते. पण मोठी वीज तयार होते सह्याद्रीच्या पलीकडे, पोफळीला, डोंगराच्या पोटात. मी चिपळूणचा, तेव्हा पोफळी माहीत होती. वीज कशी होते, ते मात्र पन्नाशी उलटल्यावर, परवानगी काढून आत गेलो तेव्हा समजलं.

कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचं पाणी पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जायचं. साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात तिला १०३ मीटर उंचीच्या भिंतीनं अडवलं आणि शिवाजीसागर झाला. त्यात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. जलाशय घाटमाथ्यावर आणि कोकण खाली. या उंचीतच सगळी मेख आहे. डोंगरातून बोगदा काढून पाणी पश्चिमेला आणलं आणि तिथून साधारण पावणेपाचशे मीटर खाली सोडलं.

आमची गाडी बोगद्यातूनच आत गेली. आत देवळाच्या सभामंडपासारखं भलंमोठं दालन, आणि पायाखाली सतत थरथर. सोबतच्या अभियंत्यांनी सोपं करून सांगितलं, "लहानपणी पाणचक्की केली होती ना? तीच ही." वरून दाबानं आलेलं पाणी तोटीतून चाकाच्या वाट्यांवर आदळतं. चाक फिरतं, त्याच्या दांड्यावर बसवलेलं चुंबक तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये फिरतं आणि वीज निर्माण होते. पाणी जळत नाही, आटत नाही. फक्त आपली उंची देऊन जातं. तेच पाणी पुढे कोळकेवाडीला अडवून पुन्हा एकदा वीज काढतात. चार टप्पे आणि पायथ्याचं वीजघर मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. कोळशाचं केंद्र थंड पडलं की पुन्हा पेटायला तास न् तास लागतात. हे चाक काही मिनिटांत फिरतं. संध्याकाळी घरोघर दिवे लागतात, तेव्हा म्हणूनच कोयनेला हाक जाते.

मी विचारलं, "हजार लिटर पाण्याची वीज किती?" उत्तर आलं, "साधारण एक युनिट." ते ऐकून मी गप्प झालो. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे दहा-बारा युनिट. आमच्याकडे उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्या त्याच टँकरची वाट पाहत बसतात. खाली मात्र वीज देऊन झालेलं बहुतेक पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. तिकडे कृष्णाकाठालाही ते पाणी हवंच आहे. म्हणून तर लवादानं पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली.

या उजेडाची किंमत आणखीही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. माझा जन्म त्यानंतरचा. पण आई सांगायची, रमजानचा महिना होता, सहरीसाठी घर जागं होतं आणि मांडणीवरची भांडी एकाएकी खाली आली. आमची भांडीच पडली. कोयना खोऱ्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. भरलेल्या जलाशयाचा भूकंपाशी संबंध असू शकतो, याचं कोयना हे जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी महत्त्वाचं उदाहरण ठरलं. आणि ज्यांची शेतं, घरं पाण्याखाली गेली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते सुटलेले नाहीत.

बाहेर आलो तेव्हा कालव्यातून पाणी शांत वाहत होतं. हात घातला, गार होतं. त्या रात्री घरी बटण दाबताना प्रथमच मनात आलं, हा दिवा लावताना कुणाचं तरी शेत आणि कुणाची तरी घागर आपण उसनी घेतली आहे. निदान नको असेल तेव्हा तो मालवावा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)