नफ्याआधीची जबाबदारी

कंपनीने समाजासाठी काही करावे, म्हणजे वर्षअखेर हाती आलेल्या नफ्यातून एखादी शाळा, दवाखाना किंवा वृक्षलागवड यांना पैसा द्यावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि भारतातील कायद्याची रचनाही बऱ्याच अंशी याच समजुतीवर उभी आहे. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. जी कंपनी निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठते, त्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा किमान २ टक्के भाग सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजेच सीएसआरच्या, कामांवर खर्च करावा आणि ती काम करते त्या परिसराला त्यात प्राधान्य द्यावे, असे हे कलम सांगते. सुरुवातीला रक्कम खर्च न झाल्यास अहवालात कारण दिले तरी पुरेसे होते. जानेवारी २०२१ पासून मात्र न खर्चलेली रक्कम ठरलेल्या निधीत किंवा स्वतंत्र खात्यात वळवणे सक्तीचे झाले.

या खर्चात काय धरता येत नाही, हे पाहिले की कायद्याची दृष्टी अधिक स्पष्ट होते. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम, केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचे काम, मालाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व आणि अन्य एखाद्या कायद्याने मुळातच बंधनकारक केलेले काम, हे सारे सीएसआरमधून वगळलेले आहे. ही वगळणी योग्यच आहे, कारण ती नसती तर जाहिरातीचा खर्चही समाजसेवा म्हणून दाखवला गेला असता. तथापि तिचा एक परिणाम असा होतो की, माल कसा तयार होतो, सांडपाणी कुठे जाते आणि कामगार सुरक्षित घरी परततो की नाही, हे जबाबदारीचे सर्वांत मोठे प्रश्न सीएसआरच्या हिशेबाबाहेर राहतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात हे प्रश्न जितके ठळकपणे दिसतात तितके ते फार थोड्या ठिकाणी दिसत असतील.

कायदा येण्यापूर्वीही या भागातील उद्योगांनी वस्त्या, शाळा आणि रुग्णालये उभारली होती. ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडच्या लोकरी कापडाच्या गिरणीच्या परिसरात, जे. के. ग्राम येथे, १९६९ मध्ये श्रीमती सुलोचनादेवी सिंघानिया शाळा स्थापन झाली. गिरणी पुढे बंद पडली, तिच्या जमिनीवर त्याच समूहाचे गृहप्रकल्प उभे राहिले, शाळा मात्र चालू आहे. कल्याणजवळ मोहने येथील एनआरसी या रेयॉन कारखान्याचा अनुभव याहून कठोर आहे. तेथे कामगारांची वसाहत, शाळा, दवाखाना असे कारखान्याभोवतीचे एक संपूर्ण गावच होते. परंतु २००९ मध्ये उत्पादन थांबले, हजारो कामगारांची देणी अडकली आणि ज्यांचे घरही कंपनीचेच होते त्यांचा रोजगार आणि निवारा एकाच वेळी अनिश्चित झाला. मालकाच्या सद्भावनेतून आलेल्या सोयी व्यवसायाच्या आयुष्याशी बांधलेल्या असतात, त्यामुळे व्यवसाय टिकवणे आणि कामगाराचे पैसे वेळेवर चुकते करणे हीच उद्योगाची पहिली सामाजिक जबाबदारी ठरते.

या विषयावरील विचारवंतांमध्ये दोन टोके आढळतात. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये असे मांडले की, कायदा आणि स्पर्धेचे नियम पाळून नफा वाढवणे एवढीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी आहे. मायकेल पोर्टर आणि मार्क क्रेमर यांनी २०११ मध्ये ‘सामायिक मूल्य’ ही कल्पना पुढे आणली. समाजाची अडचण दूर करणे हाच व्यवसायाचा मार्ग बनू शकतो आणि तसे झाल्यास दान आणि धंदा असे दोन वेगळे कप्पे करावे लागत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. यांपैकी कोणते मत व्यवहारात कुठवर टिकते हे तपासायला डोंबिवलीची औद्योगिक वसाहत उपयोगी पडते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या, या वसाहतीतील पहिल्या टप्प्यात मुख्यतः कापडप्रक्रिया करणारे आणि दुसऱ्या टप्प्यात रासायनिक कारखाने आहेत. त्यांपैकी बहुसंख्य लहान असल्याने ते सीएसआरच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाहीत आणि स्वतंत्र शुद्धीकरण यंत्रणा उभारण्याइतकी जागा व भांडवलही त्यांच्यापाशी नसते. म्हणून सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, बोलीत ‘सीईटीपी’ची, व्यवस्था आली. तीत प्रत्येक कारखाना आपले पाणी प्राथमिक प्रक्रिया करून केंद्राकडे पाठवतो आणि खर्चाचा वाटा उचलतो. पहिल्या टप्प्यातील केंद्राची क्षमता दिवसाला १.६ कोटी लिटर, तर दुसऱ्या टप्प्यातील केंद्राची १५ लाख लिटर आहे. रंगाई-धुलाईला पाणी भरपूर लागते, उलट रसायननिर्मितीचे सांडपाणी थोडे पण तीव्र असते, हे या तफावतीचे कारण.

या केंद्रांच्या कामाचा मुख्य भार सूक्ष्म जीवाणूंवर असतो. पाण्यातील सेंद्रिय घाण ते खातात आणि तिची तीव्रता ‘सीओडी’ या मापाने, म्हणजे ती घाण रासायनिक रीतीने पूर्ण जाळण्यास किती प्राणवायू लागेल यावरून, मोजली जाते. एखाद्या कारखान्याने रात्रीच्या वेळी तीव्र आम्ल किंवा विषारी द्रावण नळात सोडले तर जीवाणू मरतात आणि त्यानंतर कित्येक दिवस सर्वांचेच पाणी अर्धवट शुद्ध होऊन बाहेर पडते. शेजाऱ्याच्या वर्तनात प्रत्येक सभासदाचे व्यापारी हित गुंतवणारी ही रचना आहे आणि म्हणूनच शुल्क केवळ लिटरवर न आकारता प्रदूषणाच्या भारावर आकारणे महत्त्वाचे ठरते. अन्यथा स्वच्छ काम करणारा कारखाना घाण करणाऱ्याचा खर्च उचलत राहतो.

व्यवसाय आणि समाज यांचे हित खऱ्या अर्थाने जुळते ते उत्पादनप्रक्रियेच्या आत. कापडाला न चिकटता पाण्याबरोबर वाहून गेलेला रंग, हवेत उडून गेलेले द्रावक, वाफेतून निसटलेली उष्णता, ही सारी पैसे देऊन विकत घेतलेली सामग्री असते. द्रावक थंड करून पुन्हा वापरात आणले की खरेदीचा खर्च वाचतो आणि वस्तीतला दर्पही कमी होतो. परंतु हे जुळणे एका मर्यादेपर्यंतच चालते, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत स्वीकारायची तर शेवटचा क्षारयुक्त भाग आटवण्यासाठी इतकी वीज लागते की तो खर्च बचतीतून भरून निघत नाही, आणि तेथून पुढे कायद्याचा धाकच लागतो.

तो धाक अपुरा पडल्याच्या खुणा डोंबिवलीकरांनी पाहिल्या आहेत. २०१४ मध्ये येथे हिरवट पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक भागातील रस्ता गुलाबी झाला. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल वनशक्ती या संस्थेने केलेल्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिलेल्या निर्णयात प्रक्रिया केंद्रांबरोबरच एमआयडीसी आणि स्थानिक पालिकांनाही जबाबदार धरले. ते रास्तच होते, कारण घराघरातून येणारे प्रक्रियाहीन मैलापाणीही त्याच प्रवाहांत मिसळते.

सुरक्षिततेच्या बाबतीत किंमत याहून मोठी आहे. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यातील स्फोटात १२ जणांचा मृत्यू झाला आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समधील स्फोटातही दहाहून अधिक जीव गेले. दोन्ही वेळा कित्येक इमारतींच्या काचा फुटल्या. प्रत्येक दुर्घटनेनंतर धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा होते. स्थलांतर होईल तेव्हा होईल, तोपर्यंत साठवणुकीची मर्यादा, प्रशिक्षित कामगार आणि शेजारी कारखान्यांची परस्पर मदत यांना पर्याय नाही. जवळच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांनी ‘मार्ग’ या नावाने असा परस्पर साहाय्य गट चालवला आहे, ज्यात बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणारे उद्योगही आपत्तीच्या वेळी आपली साधने आणि माणसे एकमेकांना देतात. वार्षिक अहवालातील कितीतरी छायाचित्रांपेक्षा अशी व्यवस्था अधिक मोलाची आहे.

सामाजिक हेतू मालकीच्या रचनेतच विणण्याचा मार्ग या भागातील सहकारी बँकांनी दाखवला. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मध्ये, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ मध्ये स्थापन झाली. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, आणि लहान उद्योग, घरबांधणी, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या क्षेत्रांना द्यायच्या कर्जाचे प्रमाण नागरी सहकारी बँकांसाठी व्यापारी बँकांच्या ४० टक्क्यांहून अधिक ठरवलेले आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर आलेल्या निर्बंधांनी मात्र हेही दाखवले की, कर्जवाटपातील शिस्त सुटली तर सहकाराचे नाव ठेवीदाराला वाचवू शकत नाही.

अलीकडे लहान कारखान्यांवर दबाव येतो तो मुख्यतः ग्राहकाकडून. युरोपीय संघाच्या २००७ पासून लागू असलेल्या ‘रीच’ नियमावलीनुसार वर्षाला १ टन किंवा त्याहून अधिक आयात होणाऱ्या रसायनाची नोंदणी आणि त्याच्या धोक्यांची माहिती देणे आवश्यक आहे, त्यामुळे निर्यातदाराला आपली कागदपत्रे चोख ठेवावी लागतात. ज्यांचा माल देशातच विकला जातो त्यांच्यावर असा दबाव नसतो. त्यांच्याबाबत एक जुनी तरतूद हाताशी आहे: धोकादायक रसायने, सांडपाणी आणि उत्सर्जन यांची माहिती कारखान्याच्या फाटकावर फलक लावून जाहीर करावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला होता. त्या फलकांवरील आकडे मराठीत आणि तारखेसह असावेत आणि ते दर महिन्याला बदलले जातात की नाही हे उद्योजकांच्या संघटनांनी स्वतः पाहावे, एवढी मागणी एमआयडीसीच्या निवासी विभागातील रहिवाशांनी करायला हरकत नाही. तिच्यासाठी लागणारा खर्च रंगाच्या एका डब्याएवढा आहे.