सकाळी मूठ का वळत नाही?

‘सांधे धरले’ असं आपण सर्रास म्हणतो. आजीचे गुडघे कुरकुरतात तेव्हाही, आणि पस्तिशीतल्या सुनेला सकाळी कणीक मळवत नाही तेव्हाही. पण ही दोन दुखणी वेगळी. आजीच्या गुडघ्यातली कूर्चा वयाबरोबर झिजलेली असते. सुनेचं तसं काही झिजलेलं नसतं. तिच्या सांध्यात लढाई चाललेली असते, आणि लढणारे घरचेच असतात. या आजाराला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. बोलण्यात आमवात म्हणायची पद्धत आहे.

सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. त्यातून वंगणासारखा द्रव पाझरतो. जंतूंशी लढायची ती प्रतिकारशक्ती या अस्तरावरच तुटून पडते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू कूर्चा नि हाड पोखरू लागतं. हे असं का होतं, त्याचं एकच एक कारण नाही. अनुवंशाचा काही भाग असतो, विडी-सिगारेटमुळे धोका वाढतो. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन-तीन पटींनी जास्त.

सुरुवात बहुधा हातापायांच्या लहान सांध्यांपासून, आणि दोन्ही बाजूंना. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. इथे तास उलटला तरी मूठ वळत नाही. शिवाय थकवा, बारीक ताप, रक्तक्षय. डोळे, फुफ्फुसं, हृदय यांनाही झळ पोचू शकते. म्हणजे नाव सांध्यांचं, पण आजार सगळ्या शरीराचा.

फ्रेंच चित्रकार रेन्वार यांना हा आजार पन्नाशीच्या सुमारास जडला. बोटं वाकडी झाली, चाकाची खुर्ची आली, तरी १९१९ साली मृत्यू येईपर्यंत ते रंगवत राहिले. त्यांच्या जिद्दीचं कौतुक आपण करतोच. मला मात्र वाटतं, त्यांच्या काळी औषध नव्हतं, आज आहे. दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी ठणका थांबवते, हाडाचं पोखरणं थांबवत नाही. ते रोखणारी औषधं वेगळी, आणि ती पहिल्या काही महिन्यांतच सुरू झाली तर फायदा मोठा. एकदा पोखरलेलं हाड पूर्ववत होत नाही. आणि आपल्या घरांतून बाईचं दुखणं ‘कामाचा शीण’ म्हणून वर्षवर्ष ढकललं जातं!

रक्ततपासणीवरही एकदम विसंबू नये. ‘आर. ए. फॅक्टर’ निरोग्यातही सापडतो आणि रोग्यात कधी सापडत नाही. निदान करायचं ते संधिवाततज्ज्ञाने.

या आजारात नेहमी दिलं जाणारं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. मधूनमधून रक्तही तपासावं लागतं. गोळीचा वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावा, आणि घरातल्या आणखी एकाला तो पाठ असावा.