आईसाठी किनारा शोधताना

इंदूरच्या माणसाला पाणी म्हणजे नर्मदा. माझ्या आईनं अडुसष्ट वर्षांत समुद्र चार वेळा पाहिला, दोनदा मुंबईत आणि दोनदा गोव्यात. चारही वेळा घोट्यापर्यंत पाय भिजवून ती मागे फिरली. "लाट पायाखालची वाळू ओढते रे," एवढंच म्हणायची. ओंकारेश्वरच्या घाटावर साखळी धरून तीन बुड्या मारणारी बाई ही. पण समुद्राला साखळी कुठून आणायची? म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रीसला जायचं ठरलं, तेव्हा मी मनाशी एकच धरलं होतं. आईला कमरेपर्यंत पाण्यात उभं राहता येईल असा किनारा हवा.

मुलांना अर्थातच सँटोरिनी हवं होतं. फोटो! पण तिथली वाळू ज्वालामुखीची, काळी. दुपारी ती अशी तापते की चपलेशिवाय चालवत नाही, आणि कामारी, पेरिसाला पाणी चटकन खोल होतं. लाल कड्याखालच्या प्रसिद्ध किनाऱ्यावर तर दरडीच्या धोक्याची पाटी आहे. सँटोरिनी बाद. मुलं दोन दिवस रुसली.

मग नाक्सोस निवडलं. सायक्लेड्स बेटांतलं हे सगळ्यात मोठं. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून मोठ्या बोटीनं पाच-साडेपाच तास लागतात. इथले वाळूचे किनारे बहुतेक पश्चिमेला, एकापाठोपाठ एक, आणि गावातून बस जाते. गाडी भाड्यानं घ्यायची गरज पडली नाही.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावापुरतीच, त्यामुळे सकाळी पाहिलेला किनारा संध्याकाळीही तेवढाच असतो. आपल्या कोकण-गोव्याची सवय असलेल्यांना हे आधी खरंच वाटत नाही. तिथे हिशेब ठेवायचा तो वाऱ्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा कोरडा वारा सुटतो आणि कधी कधी दिवसेंदिवस थांबत नाही. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि वाळू पोटऱ्यांवर सुयांसारखी टोचते. जोराच्या वाऱ्यात बोटीही रद्द होतात. म्हणून रोज रात्री मोबाइलवर वाऱ्याची दिशा बघायची, आणि दुसऱ्या दिवशी जो किनारा डोंगराच्या किंवा भूशिराच्या आडोशाला असेल तिथे जायचं. मिक्री विग्ला हा किनारा तर वाऱ्यावर शिडाची फळी पळवणाऱ्यांचाच. माझा मुलगा तिथे अर्धा दिवस नुसता बघत बसला. आईला तिथे नेण्यात अर्थ नव्हता.

छत्री-खुर्चीच्या भाड्याचं मात्र आधी विचारून घ्या. ग्रीसमध्ये किनारा कायद्यानं सगळ्यांचा आहे, तरी हॉटेलवाले खुर्च्या मांडत मांडत पाण्यापर्यंत पोचले होते. २०२३च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावर लोक त्याविरुद्ध टॉवेल घेऊन उभे राहिले. ती 'टॉवेल चळवळ' बाकीच्या बेटांवरही पसरली. २०२४मध्ये सरकारनं नियम कडक केले आणि तक्रारीसाठी मोबाइल ॲपही काढलं. तेव्हा आपली चादर अंथरून बसायला मुळीच संकोच नको. आम्ही घरून नेलेली सोलापुरी चादर अंथरली.

पहिल्या दिवशी, सगळ्यांनी सांगितलं म्हणून, आगिओस प्रोकोपिओसला गेलो. ('आगिओस' म्हणजे संत, स्त्री असेल तर 'आगिआ'. तिकडे निम्मे किनारे संतांच्या नावाचे.) सुंदर किनारा, अंगाला न चिकटणारी जाडसर वाळू, तळ दिसेल असं पाणी. पण थोडंच पुढे गेलं की पायाखालची जमीन खाली जाते. आई गुडघ्यापर्यंत गेली, दचकली आणि चादरीवर येऊन बसली. "तुम्ही जा, मी सामान बघते." हे वाक्य तिनं आयुष्यभर म्हटलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी दूर कुठे न जाता गावालगतच्या आगिओस गेओर्गिओसला गेलो. याद्यांत हा किनारा मागे असतो, कारण तो 'गावातला'. हॉटेलं जवळ, गर्दीही बरीच. पण पाणी इतकं उथळ की तीन-चार वर्षांची पोरं किनाऱ्यापासून चांगलीच दूर उभी होती. वारा नव्हता. आईनं कुडता-सलवार घातला होता. कोण काय म्हणेल ही तिची धास्ती, पण कुणी वळूनही पाहिलं नाही. मी एक हात धरला, बायकोनं दुसरा. जूनचं पाणी गारच असतं. "अगं बाई!" करत, थांबत थांबत ती निघाली. पोटऱ्या, गुडघे, मांड्या.

कमरेपर्यंत आल्यावर तिनं दोन्ही हात सोडवून घेतले, नाक धरलं आणि सवयीनं तीन बुड्या मारल्या. वर आली तेव्हा डोळे चुरचुरत होते. "खारट आहे रे फार," म्हणाली, आणि परत फिरायला तयार होईना.